तीन बोटांवरची गाडी

४ मार्च, सोमवार

धाकटी आज ट्रॅकवर आली. कागदोपत्री तिचं नाव अक्षरं आणि आकड्यांचं आहे, पण आमच्या खात्यात तिला पहिल्यापासून धाकटीच म्हणतात, कारण कंपनीच्या महागड्या गाड्यांच्या घराण्यात ती सगळ्यात लहान आणि सगळ्यात स्वस्त. दोन लांब दारं, मागे उतरत गेलेलं छप्पर, आणि मागची सीट अशी की तिथे पिशवी आरामात बसेल आणि माणूस कुरकुरत. ज्यांनी आजवर थोरलीकडे, म्हणजे घराण्यातल्या सगळ्यात मोठ्या गाडीकडे, नुसतं वळून बघितलं, त्यांना घराण्यात घेण्यासाठी ही काढली आहे.

खरं सांगायचं तर तिच्या पोटात साधी गाडी आहे. तळ आमच्या चार दारांच्या गाडीचाच. इंजिन पुढे आडवं, आणि ओढायचं काम ज्या चाकांचं, वळायचं कामही त्यांचंच. अशा गाडीत जोरात पाय दिला की स्टिअरिंग हाताला हिसका देतं. तो हिसका काढायला जावं तर त्याच्याबरोबर रस्त्याची खबरही निघून जाते, आणि उरतं ते नुसतं फिरवायचं चाक. हिसका घालवायचा आणि खबर ठेवायची, यासाठी मला पगार मिळतो. स्टिअरिंगला मदत करणारी मोटर साध्या गाडीत वर दांड्यावर असते, धाकटीत ती खाली चाकांजवळ नेली आहे, आणि त्यासाठी मी साहेबांचं डोकं इतकं खाल्लं की शेवटी त्यांनी कंटाळून हो म्हटलं. आता ती मोटर कधी आणि किती मदत करणार, हे लॅपटॉपवरून ठरवायचं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळं गोठणार. कागदावर स्टिअरिंगच्या नावापुढे माझी सही लागते, आणि ती झाली की धाकटी जन्मभर तशीच राहणार.

लॅपटॉपवर या वेळी आकडेमोडे आहे. त्याचं खरं आडनाव वेगळं आहे, पण हे त्याला जास्त शोभतं. तिशीतला मुलगा, गाडीत शेजारी बसतो आणि रस्त्याकडे न बघता पडद्यावरच्या रेषा बघतो. माझ्या खुर्चीवर त्याचा डोळा आहे असं मला वाटतं.

दुपारनंतर तीन बोटांची फेरी घेतली. ज्या मास्तरांच्या हाताखाली मी हे काम शिकले, त्यांची ही पद्धत. सरळ रस्ता, मध्यम वेग, डावा हात मांडीवर. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं, एवढ्यांनीच चाक धरायचं, लहान मुलाच्या कानाची पाळी धरावी इतकं हलकं. चांगली गाडी सरळ जातानाही बोटांशी काहीतरी बोलत असते. धाकटी आज मधोमध मुकी होती. पहिल्या दिवशी असतात अशा.

६ मार्च, बुधवार

अजून मुकी. चाक थोडं डावीउजवीकडे नेलं की कळतं, पण मधोमध काही म्हणता काही नाही. मी आकडेमोड्याला म्हटलं, मधलं वजन वाढव, म्हणजे मधोमधही चाक हाताला जड लागेल.

तो म्हणाला, "मॅडम, रेषा चांगली दिसतेय. वजन मधोमधपासूनच चढायला लागतं."

"तुझ्या रेषेला बोटं आहेत का?"

"नाहीत."

"मग वाढव."

वाढवलं. फरक पडला नाही. त्यानं लॅपटॉपमध्ये जुनं सेटिंगही जपून ठेवलं. त्याला कुठलीच गोष्ट टाकवत नाही. टेबलाचा खण उघडला तर त्यात मेलेली पेनं निघतील.

घरी हातातून कप निसटला. सासूबाई म्हणाल्या, "हाताला तेल लावून बसतेस का गं? या आठवड्यातला हा दुसरा." मी म्हटलं, कपाचा कान बारीक आहे. आहेच तो बारीक.

९ मार्च, शनिवार

नवऱ्यानं नवे कप आणले. ओबडधोबड, जाड कानाचे, सगळा हात आत जाईल असे. शाळेत मुलांना भूगोल शिकवणारा माणूस, घरासाठी एक वस्तू धड निवडू शकत नाही. म्हणाला, दुकानात हेच होते. दुकान नेहमीचंच आहे आणि तिथे कपांची भिंतच्या भिंत आहे, पण वाद कोण घालणार.

शर्टांची काजं हल्ली लहान शिवतात. सकाळी एक बटण लावताना माझा जीव मेटाकुटीला आला. तो आला आणि लावून गेला. मी लहान मूल नाही हे त्याला एकदा सांगायला हवं.

झोपही नीट नाही. उजव्या कुशीवर झोपायची सवय, पहाटे हात मुंग्यांनी भरून जातो आणि झटकत बसावं लागतं. डोक्यात धाकटीच. गाडीत बसल्यावर ती मुकी, आणि अंथरुणात पडल्यावर तिचीच बडबड.

१२ मार्च, मंगळवार

आज आणखी वजन. परतीचा जोरही वाढवला, म्हणजे वळणातून बाहेर पडताना चाक आपणहून सरळ येईल. आकडेमोडे म्हणाला, "मॅडम, आता थोरलीपेक्षा जड झालं."

मी त्याला समजावून सांगितलं. थोरलीचा गिऱ्हाईक मागे बसतो, धाकटीचा गिऱ्हाईक स्वतः चालवतो. आयुष्यात पहिल्यांदा चांगली गाडी घेतोय, त्याला पहिल्या वळणाला कळलं पाहिजे की आपण काहीतरी वेगळं घेतलं. ते चामड्याच्या सीटनं कळत नाही, बोटांतून कळतं. गाडीनं ओरडू नये, पण कानाशी लागून बोलत राहावं. बोलता बोलता माझा आवाज चढला. तो ऐकून घेत होता, आणि मधूनच माझ्या हाताकडे बघत होता. बहुधा घड्याळाकडे बघत असेल, जेवायची वेळ झाली होती.

साहेब पण एक चक्कर मारून आले. उतरल्यावर खांदा चोळत म्हणाले, "दमदार आहे. जरा जास्तच दमदार नाही ना?" मी म्हटलं, साहेब, तुम्ही सही करणार आहात की मी? ते हसले आणि गेले. माझ्याच्यानं हसवलं नाही. रस्त्यावर ओतलेला प्रत्येक खडा मला ओळखीचा आहे, आणि या गाडीत मला एकही भेटत नाही.

१६ मार्च, शनिवार

धाकटी घरी आणली आहे. नियमानं आणता येते, बाहेरच्या रस्त्यांवर चालवून बघायला. सासूबाईंना मागे बसवून बघितलं. त्या आत गेल्या, पण बाहेर काढताना आम्हा दोघांच्या नाकी नऊ आले. म्हणाल्या, "मागचं दार विसरले का करायला?" मी सांगितलं की कूपे अशीच असते. म्हणाल्या, "असेल. मग मागची सीट तरी कशाला खोटी लावली?" आमच्या विक्री खात्यानं इतक्या बैठका घेतल्या, हा प्रश्न तिथे कुणी विचारला नाही.

मग नवऱ्याला चालवायला दिली. त्याला गाड्यांतलं काही कळत नाही, पण म्हणूनच द्यायची. इंजिन आवडलं त्याला. खालच्या वेगातूनही गाडी अशी उचलते की मागून कुणी पाठीवर हात ठेवून पुढे ढकलावं. बसकण खाली, दरवाजा लागतो तो आवाज जाड, वळणात अंग झुकत नाही. मागच्या चाकांना साध्या गाडीसारखा एकच आडवा दांडा नाही, दोघांना आपापली मोकळीक आहे, त्यामुळे खड्डा एकानं खाल्ला तर दुसऱ्याला कळत नाही. हे सगळं मी त्याला सांगत होते. तो मान डोलावत होता.

"आणि स्टिअरिंग?" मी विचारलं.

"व्यायाम चांगला होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे जड आहे गं. दोन्ही हातांनी धरावं लागतं. तुला नाही वाटत?"

मला नाही वाटत. मला वाटतं की अजून काहीच नाही. रागानं मी परतीच्या रस्त्यावर बोलले नाही.  सिग्नलला थांबल्यावर तोच म्हणाला, "तुझा हात दुखतो का?" विषय बदलायची त्याची जुनी खोड आहे.

२० मार्च, बुधवार

आज मी कोरी फेरी हरले.

लिहायलाही लाज वाटते. आमच्याकडे नियम आहे, लॅपटॉपवरच्या माणसानं अधूनमधून 'बदललं' असं सांगायचं आणि काहीही बदलायचं नाही. गाडी चालवणाऱ्यानं 'फरक नाही' म्हणायचं. जो 'सुधारली' म्हणतो त्याला गाडी कळत नाही, त्याला फक्त आपली इच्छा कळते. हा नियम माझाच. याच नियमावर मी दोन ड्रायव्हरांना ट्रॅकवरून काढून दुसऱ्या खात्यात धाडलं आहे. मी स्वतः कधी फसले नव्हते.

आकडेमोडे म्हणाला, "मधोमध थोडं आणखी दिलंय." मी तीन बोटांनी धरलं आणि खरंच वाटलं की काहीतरी आलं. बारीक, पण आलं. मी म्हटलं, "आता बोलायला लागली. बघ, मी म्हणत होते ना?"

त्यानं पडद्यावर एकदा परत बघितलं. मग म्हणाला, "मॅडम, ही कोरी होती."

मी म्हटलं, थकले असेन, दुसरी दे. त्यानं काहीतरी टाइप केलं, फेरी झाली, परत टाइप केलं, परत फेरी. मी म्हटलं, "दोन्ही सारख्याच आहेत. परत कोरी ना? या वेळी नाही फसायची मी."

तो म्हणाला, "पहिली पहिल्या दिवसाची होती. दुसरी आजची."

जमीन-अस्मानाचा फरक असायला हवा. मी त्याला म्हटलं, तुझी तार सैल झाली असेल, मोटरपर्यंत काही पोचतच नसेल. तो वाद घालेल असं वाटलं होतं. पण त्यानं लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "असेल मॅडम. आज इथंच थांबू या." मला वाटतं तोही गोंधळलाय. उद्या हे साहेबांच्या कानावर जाणार, यात शंका नाही. अशी संधी कोण सोडेल?

 जेवण गेलं नाही.

२१ मार्च, गुरुवार

सगळ्यांच्या आधी ट्रॅकवर गेले. एकटीच. तारा बघितल्या, सगळ्या घट्ट. चाकावरचा जोर मोजणारा सेन्सर बघितला, ठणठणीत.

सरळ रस्त्याला लागले आणि उजव्या हाताला पुन्हा मुंग्या आल्या. झटकायला म्हणून हात खाली घेतला आणि तेवढ्यापुरतं चाक डाव्या हाताच्या बोटांनी धरलं.

धाकटी बोलत होती.

बोलत कसली, ओरडत होती. डांबराचा जोड, रस्त्याचा उतार, टायरची कुरकुर, सगळं डाव्या बोटांत येत होतं, आणि त्या सगळ्यावर मी चढवलेलं वजन, घट्ट आणि चिकट, जसं काही चिखलात रुतलेली काठी फिरवतेय. मी हात बदलला. उजव्यात काही नाही. पुन्हा डावा, आणि सगळं परत हजर.

गाडी कडेला घेतली. किती वेळ बसून होते कोण जाणे. चांगल्या गाडीचं मी वाटोळं केलं, आणि ती बिचारी रोज माझ्या हातात किंचाळत होती. मला रडू आलं. ते कुणी बघितलं नाही, हेच काय ते नशीब.

आकडेमोडे आल्यावर त्याला म्हटलं, पहिल्या दिवसाचं सेटिंग लाव, तिथून नव्यानं सुरू करू. त्यानं का म्हणून विचारलं नाही. सेटिंग तयारच होतं त्याच्याकडे.

२४ मार्च, रविवार

दोन दिवस डाव्या हातानं काम केलं. उजवा हात मांडीवर. कुणाला सांगितलं नाही. गाडी सुधारते आहे, पण डाव्या हाताला सवय नाही. परक्या घरातलं बोलणं भिंतीतून ऐकू यावं तसं, शब्द कळतात पण कुणाला उद्देशून ते कळत नाही.

दुपारी नवरा समोर येऊन बसला. म्हणाला, "हात दे. उजवा. आणि डोळे मीट."

"काय चाललंय?"

"मी एकेका बोटाला हात लावतो. कुठलं ते सांगायचं."

मी डोळे मिटले. हा खेळ लवकर आटपावा म्हणून बसले होते. थोडा वेळ गेला. मी म्हटलं, "कर की सुरू."

तो म्हणाला, "झालं."

मी डोळे उघडले. त्याच्या चिमटीत माझा अंगठा होता.

मी चिडले. त्याच्यावरच चिडले, दुसरं कोण होतं समोर. इतके दिवस बघतोस आणि बोलला नाहीस? तो म्हणाला, "बोललो. तू काजांना नावं ठेवत होतीस." मग मला हसू आलं आणि त्यालाही. मला भीती वाटतेय. हे मी त्याला सांगितलं नाही, पण माझा हात त्यानं बराच वेळ सोडला नाही.

२७ मार्च, बुधवार

डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. मनगटात एक नस असते, तिची जागा अरुंद, तिथे ती दबून गेली आहे. अंगठा आणि शेजारची दोन बोटं, बरोबर तेवढ्यांचंच खातं तिच्याकडे. मास्तरांना हे माहीत असतं तर त्यांनी करंगळी निवडली असती.

"वर्षानुवर्षं हादरे बसणारं काम असेल तर होतं," त्या म्हणाल्या. "अगदी नेहमीचं दुखणं आहे, घाबरू नका. छोटं ऑपरेशन. पण तुम्ही उशिरा आलात. अंगठ्याखालचा उंचवटा बघा, बसलाय."

"पूर्ण बरा होईल?"

"मुंग्या जातील. जोर बऱ्यापैकी येईल. लिहाल, स्वयंपाक कराल, गाडीसुद्धा चालवाल. फक्त अगदी बारीक जाणीव परत येईलच असं मी सांगू शकत नाही. पण रोजच्या कामांना तेवढी कुठे लागते?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला.  माझ्या रोजच्या कामाला तेवढीच लागते.

२९ मार्च, शुक्रवार

साहेबांना सांगायचं ठरवून गेले होते. दारातच ते म्हणाले, "या, तुमच्याकडेच येणार होतो. मधल्या दिवसांचं मला कळलंय."

 मी खुर्ची धरून उभी राहिले.

ते म्हणाले, "तुमच्या लॅपटॉपवाल्यानं सांगितलं. सेन्सर बिघडला होता म्हणे, त्यामुळे तेवढे दिवस फुकट गेले. होतं असं. आता बरं चाललंय ना? मग वेळेत सही करा."

मी हो म्हटलं आणि बाहेर आले.

सेन्सर ठणठणीत होता. मी स्वतः बघितला होता. इतका हुशार मुलगा, आणि अशी ढोबळ चूक साहेबांना सांगून बसला. शिवाय त्यात त्याचंच नाव खराब झालं, सेन्सरची जबाबदारी त्याची. मी त्याला याबद्दल विचारलं तर म्हणाला, "माझ्या बघण्यात चूक झाली असेल, मॅडम." एवढंच. आणि कानाच्या पाळ्या लाल.

पण आता गोष्ट अशी आहे की खात्यात कुणालाच काही माहीत नाही. डाव्या हातानं गाडी जवळजवळ आणली आहे. 'जवळजवळ' हा शब्द दुसऱ्यांनी वापरला की मी त्यांना फाडून खाते. सही करावी आणि सुटावं. ऑपरेशन नंतर करता येईल, सुट्टी घेऊन, कुणाला न कळता. हात परत आला तर प्रश्नच मिटला.

आणि नाही आला तर पुढच्या गाडीलाही असंच. आणि त्याच्या पुढच्या.

३१ मार्च, रविवार

घरात नुसत्या येरझाऱ्या. सासूबाई म्हणाल्या, "बस की एका जागी. फरशी झिजेल." मी त्यांच्याजवळ बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. का कोण जाणे, सहीचं त्यांनाच आधी. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी नजर गेली तेव्हा मी वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. अंदाजानं शिवत होते. तुझ्या नवऱ्याच्या शाळेच्या चड्ड्या आठवतात का त्याला, विचार."

विचारलं. आठवतात म्हणाला. एक पाय लांब, एक आखूड. सगळा वर्ग हसायचा.

मी हसले खरी, पण ते मनात राहून गेलं. अंदाजानं शिवलेली गाडी कुणीतरी पहिल्यांदाच घेतलेली चांगली गाडी म्हणून घरी नेणार.

२ एप्रिल, मंगळवार

आज आकडेमोड्याला म्हटलं, लॅपटॉप मागे टाक आणि या बाजूला बस. त्याला वाटलं गंमत करतेय. मग मी त्याला हाताचं सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसेल असं वाटलं होतं, ते काही दिसलं नाही. खाली बघून म्हणाला, "ऑपरेशन कधी आहे?" ऑपरेशनचं मी अजून बोललेही नव्हते. हुशार आहे, तर्क केला असेल.

तीन बोटं शिकवली. पहिल्यांदा त्यानं चाक असं आवळलं की बोटं पांढरी पडली. मी म्हटलं, "अरे, ती पळून नाही जाणार."

"मॅडम, मला काहीच कळत नाहीये. पडद्यावर दिसतं तसं..."

"पडदा नाही. काय येतंय ते सांग. चुकीचं सांगितलंस तरी चालेल."

फेरीवर फेरी. मी अस्वस्थ. शेजारच्या सीटवर बसायचं म्हणजे काय ते मला माहीतच नव्हतं. हातांचं काय करायचं कळत नाही. रस्ता पायाखालून जातो आणि आपल्याला कुणी विचारत नाही. धाकटीची ही सीट चांगली आहे हेही मला आजच कळलं.

जेवणानंतरच्या फेरीत तो हळूच म्हणाला, "इथे काहीतरी झालं."

"काय?"

"माहीत नाही. खरखर... नाही, खरखर नाही. कुणी झोपेत कूस बदलली तर कळतं ना शेजारच्याला, तसं."

तिथे जुन्या आणि नव्या डांबराचा जोड आहे. डोळ्यांना दिसत नाही. मी त्याला सांगितलं नाही. परत फिरवून आणलं, आणि बरोबर त्याच जागी तो म्हणाला, "आत्ता."

मला आनंद झाला, आणि इतका मत्सर वाटला की खिडकीकडे तोंड करून बसावं लागलं.

३ एप्रिल, बुधवार

साहेबांना सांगितलं. ते पहिल्यांदा ऐकूनच घेईनात. मग म्हणाले, "हे बघा, बाहेर लोक तुमच्या नावावर गाडी घेतात. हात बरा होईल. काम त्याच्याकडून करून घ्या आणि सही तुमचीच असू द्या. कुणाचं काय बिघडतं?"

मी म्हटलं, परवा सांगते. इतकं सोपं करून दिलं की नाही म्हणायला तोंड उघडेना. माझं नाव मलाही आवडतं.

५ एप्रिल, शुक्रवार

शेवटची फेरी. साहेब ट्रॅकच्या कडेला कागद घेऊन उभे. आकडेमोडे चालवत होता, मी शेजारी.

सरळ रस्ता चांगला गेला, असं तो म्हणाला. जोरात पाय दिला तेव्हा हिसका आला नाही, हे मला अंगाला कळलं. मग लांब डावं वळण. ते मी सोमवारीच डाव्या हातानं पक्कं केलं होतं, एवढं एक तरी संपूर्ण माझं होतं. वळणातून बाहेर पडताना त्याच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा गेला. पुन्हा आठी.

"काय?"

"काही नाही, मॅडम."

"बोल."

"चाक माझ्या आधी परत जातंय. किंचित. म्हणजे मला अजून वळायचं असतं आणि ते म्हणतं, झालं आता."

मला तसं वाटलं नव्हतं. मला ते अगदी बरोबर वाटलं होतं. तोंडात उत्तर तयार होतं, नेहमीचं, ज्यानं समोरचा गप्प बसतो. मी डावा हात उचललाही होता, शेजारून चाक धरून बघावं म्हणून. मग तो परत मांडीवर ठेवला. त्यानं काय कळणार होतं?

"नक्की?" मी विचारलं.

"नक्की नाही. पण तीन वेळा तसंच वाटलं."

"मग काढ."

त्यानं गाडी थांबवून लॅपटॉप घेतला, परतीचा जोर कमी केला, पुन्हा वळणात गेला. बाहेर पडताना त्याचे खांदे खाली आले. 

साहेबांनी कागद माझ्यापुढे धरला. मी तो त्याच्याकडे सरकवला. साहेब म्हणाले, "विचार केलाय ना?" मी म्हटलं, "गाडी ज्याला कळते तो सही करतो. नियम माझाच आहे." आकडेमोडे पेन हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला म्हटलं, कर, कागदाला तरी काही रेषा मिळू देत. त्यानं केली. त्याचं खरं आडनाव मी पहिल्यांदाच नीट वाचलं.

साहेब गेल्यावर आम्ही गाडी गॅरेजकडे न्यायला निघालो. रस्ता रिकामा होता. तो तीन बोटांनीच चालवत होता, कुणी सांगितलेलं नसताना. मला राहवेना.

"कशी झालीय रे?"

या कामात आल्यापासून हे मी कुणाला विचारलं नव्हतं.  पुढचा खडबडीत तुकडा येऊन गेला, मग एक वळण, मग सरळ रस्ता.

"चांगली झालीय," तो म्हणाला.

मी खरं मानलं.